टांग्याच्या मागल्या बाकावरून

५ जानेवारी २०२५, रविवार. सातारा

पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं जाणारा वरचा रस्ता चढाचा आहे, हे आज साताऱ्यात कुणाला जाणवत नाही. गिअर बदलला की काम झालं. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६०च्या दशकात, तो चढ घोड्याच्या मानेत दिसायचा. नाक्यापर्यंत दुडक्या चालीनं आलेलं जनावर तिथून मान खाली घालायचं, टापांचा ठेका मंदावायचा, आणि टांगेवाले चाचा खाली उतरून दांडीला हात लावून चालू लागायचे. बसलेल्यांतले बापे न सांगता उतरायचे. बायका आणि पोरं बसून राहायची. मी पोरांत मोडत होते, म्हणून माझ्या आठवणीतला हा रस्ता सपाट आहे.

टांग्यात पाठीला पाठ लावून बसायचं. पुढं चाचा आणि त्यांच्या शेजारी एखाददुसरं माणूस, मागं आई, मावशी आणि आम्ही. मागल्या बाकावरून घोडा दिसत नाही. दिसतो तो मागं पळणारा रस्ता, दुकानांच्या पाट्या आणि टांग्यामागं धावणारी उनाड पोरं. घोडा फक्त ऐकू येतो. घुंगरं, टापा, अधूनमधून फुरफुरणं. चाचा पायानं दाबून वाजवायचे ती घंटा, आणि गर्दीत रबरी फुग्याचा भोंगा.

"ताई, टांगा उलाळ व्हतोय, जरा पुढं सरका," हे वाक्य साताऱ्यातल्या माझ्या वयाच्या प्रत्येकानं ऐकलेलं असणार. दोन चाकांची गाडी. सगळा तोल आसावर. मागं वजन जास्त झालं की दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला काचतो. पुढं जास्त झालं की तेच वजन त्याच्या पाठीवर बसतं. चाचा गिऱ्हाईक चढायच्या आधीच नजरेनं त्याचं वजन करायचे. जाडजूड माणूस पुढं, लेकुरवाळी मागं, लोखंडी ट्रंक पायाशी, भाजीची पाटी आईच्या मांडीवर. तोल जमला की चाचा जीभ टाळूला लावून 'टक्' करायचे आणि टांगा हलायचा.

आज भाऊ मला नाक्यावरून घेऊन गेला. २०२१ पासून इथं वाहनं जमिनीखालूनही जातात. चढ आता त्या भुयाराच्या तोंडाशी लागतो, पण तिथं कुणी उतरून चालत नाही.

७ जानेवारी, मंगळवार. सातारा

टांगेवाल्याचा दिवस गिऱ्हाइकापासून सुरू होत नसे. पहाटे उठून आधी लीद काढायची, मग खरारा. खराऱ्यानं अंग घासलं की धूळ आणि सुटलेले केस निघतात, आणि कुठं काचलंय, कुठं सूज आहे, ते हाताला कळतं. मग पाणी. कामाचा घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. घरात नळ नसायचे, त्या काळात एवढं पाणी हौदावरून बादल्यांनी आणायचं म्हणजे घरातल्या एका माणसाचं ते कामच. चंदीला भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, परवडलं तर गुळाचा खडा. शिवाय लसूणघासाची पेंढी. टांगा स्टँडवर उभा असला की घोड्याच्या तोंडाला तोबरा अडकवलेला असायचा, आणि आम्ही पोरं त्याच्या कानांकडं बघत उभी राहायचो, कारण तोबऱ्यात तोंड घातलेला घोडा कानांवरूनच ओळखता यायचा.

नालबंदाकडं बघत बसणं हा माझा आणि भावाचा सुट्टीतला उद्योग. घोडा उभा राहायचा. नालबंद त्याच्याकडं पाठ करून वाकायचा, पाय उचलून आपल्या मांड्यांत धरायचा, जुनी नाल चिमट्यानं काढायचा आणि वाढलेलं खूर तासायचा. खूर आपल्या नखासारखं सतत वाढतं. नाल मारलेली असली की ते झिजत नाही, म्हणून महिना-दीड महिन्यानं नाल काढून, खूर तासून, पुन्हा मारावी लागते. खिळा आतल्या बाजूनं असा ठोकायचा की टोक खुराच्या भिंतीतून बाहेर यावं. मग ते टोक मुरगाळून तोडायचं, उरलेलं वाकवून घासायचं. खिळा दोन-तीन सूत आत गेला तर जिवंत भागात घुसतो आणि घोडं लंगडं होतं. लंगडा घोडा म्हणजे घरात चूल थंड. म्हणून नालबंद ठोकत असताना टांगेवाला बोलायचा नाही, तंबाखूही मळायचा नाही.

बैलाची तऱ्हा वेगळी. बैल असा पाय देत नाही. त्याला दोरानं पाडायचं, चारी पाय बांधायचे आणि खुराच्या दोन फाळ्यांना दोन वेगळ्या पत्र्या मारायच्या. पडलेला बैल जमिनीवर डोकं आपटतो, म्हणून एक माणूस त्याच्या मानेवर हात ठेवून बसलेला असायचा. भावाला ते बघवायचं नाही, तो निघून जायचा. मी बघायचे.

चाचांचा घोडा पंचकल्याणी होता: चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, बाकी अंग तांबूस. असा घोडा भाग्याचा मानतात. चाचांच्या भाग्यात त्यानं किती भर घातली, ते त्यांच्या घरच्यांनी सांगावं.

९ जानेवारी, गुरुवार. सातारा

नातीला आज सायकलवरून पडून खरचटलं. आईच्या तोंडून पूर्वी असल्या वेळी एकच वाक्य यायचं, "रस्त्यावर लीद असती, धनुर्वात होईल, चल इंजेक्शनला!" भीती खोटी नव्हती. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात निवांत राहतात आणि लिदीतून मातीत येतात. ज्या गावात रोज टांगे फिरतात, त्या गावाच्या रस्त्यावर गुडघा फुटणं हे खरंच जोखमीचं.

गंमत अशी की त्या जखमेवर जे प्रतिविष टोचत, तेही घोड्याच्याच रक्तातून यायचं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार करायची आणि रक्तातून ती वेगळी काढायची, ही रीत. सर्पदंशावरचं प्रतिविष आजही असंच बनतं. हाफकिन महामंडळाच्या पिंपरीच्या तबेल्यातले घोडे त्यासाठीच पाळलेले. सातारा-सांगलीच्या शेतात फुरसं किंवा घोणस चावलेला माणूस दवाखान्यातून चालत घरी येतो, त्यामागं असाच कुठलातरी घोडा असतो. टांगे गेले तरी घोडा अजून आपलं ओढतोच आहे.

लीद फुकट जात नसे. बागवाले उचलून न्यायचे. ओतकाम करणारे साच्याच्या मातीत ती कालवायचे, कारण जळताना लिदीतल्या काड्या बारीक वाटा सोडतात आणि वाफ बाहेर पडते. टांग्यामागून पाटी घेऊन फिरणाऱ्या बायका मला आठवतात. त्यांच्याकडं बघून नाक धरायची आमच्या आळीतली पद्धतही आठवते.

११ जानेवारी, शनिवार. मसूर

कराडला लग्नाला जाताना मी भावाला मसूरकडं गाडी वळवायला लावली. स्टेशन छोटं, शांत. पुणे–मिरज मार्गावरचं. इथं एका गाडीवानानं घातलेल्या अटीबद्दल मी बरंच वाचलं होतं, जागा पाहिली नव्हती.

१९०१चा उन्हाळा. सातारच्या शाळेत शिकणारा नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि भाचे असे सगळे वडिलांकडं निघाले होते. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावाच्या बांधकामावर रोखपाल होते. मुलांना नवे कपडे शिवले होते, जरीच्या टोप्या होत्या. साताऱ्याहून रेल्वे स्टेशन दहा मैल, तिथवर टांगा केला. आगगाडीनं मसूरला संध्याकाळी उतरले. वडिलांना पत्र पोचलं नव्हतं, न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी विचारपूस केली, आणि मुलानं निरागसपणे आपण महार असल्याचं सांगितलं. मास्तरांचा चेहरा बदलला. स्टेशनबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला, तो या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्रीचा प्रवास. बरोबर जेवण होतं, पाणी नव्हतं, म्हणून जेवणही झालं नाही. वाटेत टोलनाक्यावर मुलानं मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागितलं. तिथंही मिळालं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याच लेखनात १९२९ सालचं चाळीसगाव आहे. आता ते बॅरिस्टर, सरकारी समितीचे सदस्य. स्टेशनवरून वस्तीकडं न्यायला टांगेवाला मिळेना. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकानं लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीजवळ घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि गाडी नदीत पडली.

दोन्ही प्रसंगांत जात बघून जनावरांनी काही खळखळ केली नाही. त्यांना कुणाचा विटाळ होत नव्हता.

स्टेशनबाहेर चहा घेताना भाऊ म्हणाला, "ताई, आपण टांग्याच्या आठवणी काढतो तेव्हा हे त्यात कधी येतच नाही." येत नाही, कारण टांग्याच्या आठवणी लिहिणारे बहुतेक सगळे बसायला जागा मिळालेले आहेत. १ जून १९४८ला एसटी सुरू झाली, १९५५च्या अस्पृश्यता निवारणाच्या कायद्यानं सार्वजनिक वाहनात जागा नाकारणं गुन्हा ठरवलं. एसटीनं टांगा मारला, अशी हळहळ आपण ऐकतो. एसटीच्या तिकिटावर जात छापलेली नसायची, हेही तिच्या हिशेबात जमा धरायला हवं. मसूरच्या स्टेशनवर उभं राहिल्यावर ही जमा मला खर्चापेक्षा मोठी वाटली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत. सातारा

तिळगूळ द्यायला शाळेतली मैत्रीण आली. तिचे वडील टांगेवाले. आम्ही एका वर्गात होतो, आणि ती आमच्या घरी यायची तेव्हा आई तिला आधी हातपाय धुवायला सांगायची, कारण तिच्या कपड्यांना तबेल्याचा वास असायचा. आज ते तिनंच हसत सांगितलं.

तिच्याकडून पहिल्यांदा टांग्याची पुढची बाजू ऐकली.

"तुम्हा लोकांना घुंगरं आठवत्यात. आम्हाला रात्र आठवती. घोडं पोट धरून लोळाय लागलं की आख्खं घर जागं. घोड्याला ओकता येत न्हाई. पोट फुगलं की मग काय खरं नसतं. आबा त्याला धरून अंगणात चालवत राहायचे, सकाळपतोर. आई वव्याचं पाणी करायची. एकदा दिवाळीत अकलूजच्या बाजारातनं आणलेलं घोडं संक्रांतीच्या आत गेलं. कर्ज तेवढं राहिलं."

त्या वर्षी तिची शाळा सुटली. ती मधेच यायची का थांबली, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

मग रिक्षा आल्या. रिक्षाला उभं राहिलं तरी खायला लागत नाही, हा रिक्षाचा सगळ्यात मोठा गुण, असं तिचं म्हणणं. घोडा मात्र गिऱ्हाईक असो नसो, तेवढीच चंदी खातो. पावसाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत, संपाच्या दिवशी स्टँड रिकामा पडला तरी हरभरा आणायलाच लागायचा. हरभऱ्याचा भाव चढायचा आणि राजवाड्याचं शीट तेवढ्याच पैशाला घासाघीस करायचं. "तुझी आईसुद्धा करायची," असं ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. आबांनी शेवटचा घोडा वरातीवाल्याला विकला आणि मार्केटात हमाली धरली. रिक्षाचं परमीट काढायला लागणारे पैसे ज्यांच्याकडं होते, ते टांगेवाले रिक्षावाले झाले. नव्हते, ते हमाल झाले. शहराच्या वाहतुकीचा इतिहास लिहिताना ही फाटाफूट कुणी मांडलेली मी वाचलेली नाही.

जाताना ती म्हणाली, "पण एक सांगू? दसऱ्याला आबा घोड्याला आंघोळ घालून, झेंडूची माळ घालून, गावातनं एक चक्कर मारायचे. त्या दिवशी गिऱ्हाईक घ्यायचे न्हाईत. आम्ही पोरं मागं बसायचो. तेवढा एक दिवस मीबी घुंगरं ऐकलीत."

१८ जानेवारी, शनिवार. सांगली

मामेभावाकडं मुक्काम. सांगलीत स्टेशन चौक आहे, तिथं स्टेशन नाही. सांगली संस्थानची मिरज–सांगली रेल्वे १९०७ साली सुरू झाली, मीटर गेजची. आम्ही सुट्टीला आजोळी यायचो तेव्हा सातारा रोडला गाडी पकडायची, मिरजेला उतरायचं आणि सांगलीची छोटी गाडी घ्यायची. १९७०च्या सुमाराला ब्रॉडगेज आली, मार्ग बदलला, स्टेशन गावाबाहेर गेलं आणि चौकात नाव उरलं. साताऱ्यालाही त्या वेळी माहुलीच्या बाजूला स्टेशन मिळालं. टांग्यांचा धंदा स्टेशनला बांधलेला असतो. स्टेशन हललं की टांग्यांचा स्टँड हलतो, आणि अंतर वाढलं की घोडा मागं पडतो. रूळ रुंद झाले, त्याचा फटका टांग्याला असाही बसला.

सातारा आणि सांगली ही आमच्या आजोबांच्या लेखी एकाच मुलखाची दोन टोकं. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६०च्या नोव्हेंबरात त्याचं नाव सांगली पडलं. पण दोन्हीकडचं ओढकाम वेगळं होतं. साताऱ्यात चढ, म्हणून टांगा हलका आणि घोडा काटक. सांगली सपाट, कृष्णाकाठची, आणि व्यापारी. इथं माणसांपेक्षा माल जास्त ओढला जायचा, आणि तो बैल ओढायचे. गणपती पेठेत आणि वखारभागात हळदीच्या पोत्यांच्या, गुळाच्या ढेपांच्या गाड्या रांगेत सुटलेल्या असायच्या. जू जमिनीला टेकवलेलं, बैल चाकाला बांधलेले, पुढ्यात कडबा, गाडीखाली गाडीवान झोपलेला. लोखंडी धाव फरशीवरून जाताना होणारा आवाज मामाच्या माडीवर पहाटे ऐकू यायचा, आणि मामा झोपेतच म्हणायचे, "हरिपूरच्या गाड्या आल्या."

हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम आणि हळदीची पेवं. जमिनीखाली खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा माणसाला मारते. थोडा वेळ मोकळं सोडायचं. बाहेर गाडीवान बैल धरून उभे. पोती वर आली, गाडी भरली, की मळवाटेनं सांगली. २००५च्या महापुरानं पुष्कळ पेवं बुजली. आता हळद शीतगृहात असते आणि ट्रकनं जाते.

मामेभावाचा नातू मला विचारत होता, "आजी, गाडीवान झोपला की बैल आपले आपण घरी यायचे, हे खरंय?" खरंय. परतीच्या रिकाम्या गाडीत गाडीवान झोपायचे आणि बैल वाट सोडायचे नाहीत. आयर्विन पुलावरून सांगलीवाडीकडं जाणाऱ्या अशा गाड्या आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून बघितल्यात.

२१ जानेवारी, मंगळवार. सांगली

सगळं भूतकाळात लिहीत होते. आज गाळप हंगामानं ते थांबवलं. कारखान्याच्या रस्त्यावर ऊसगाड्यांची रांग. ट्रॅक्टर पुष्कळ झाले, तरी टायरच्या बैलगाड्या आहेतच. लोखंडी साटा, ट्रकची जुनी चाकं, वर माणसाच्या दोन उंचीइतका ऊस. ऊसतोडीची बाई त्या उसावर पोर घेऊन बसलेली. गाडी रबरी चाकांची असल्यामुळं सपाटीवर सहज धावते, आणि तिथंच धोका आहे: उतारावर तेच वजन मागून बैलांवर येतं. चढावर डांबरावरून पत्री घसरते, बैल गुडघ्यावर येतो, गाडीवान उडी मारून चाकामागं दगड सरकवतो. आज माझ्या डोळ्यांसमोर असंच झालं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला.

घरी येऊन १९६५चे नियम पुन्हा वाचले. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा. त्याखाली ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं नियम केले. गाडीच्या चाकांप्रमाणं आणि जनावराच्या आकाराप्रमाणं वजनाची मर्यादा. माणसांच्या गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चौघंच. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही. सलग पाच तासांनंतर विश्रांती हवीच. पारा ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या ठिकाणी दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. म्हणजे मी मागल्या बाकावर बसत होते, त्याच वर्षांत हे छापलेलं होतं. टांगा स्टँडवर ते कुणी वाचून दाखवलं नसावं, आणि कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळच्या रांगेतही वाचून दाखवलं जात नाही.

पण याच जिल्ह्यात एक चांगलं काम झालं. इस्लामपूरजवळ राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली ऊसगाडीसाठी 'सारथी' नावाचा आधार तयार केला. दोन बैलांच्या मधे, जुवाखाली, एक जादा चाक. मानेवर येणारं वजन ते चाक घेतं. बैलाला फक्त ओढावं लागतं, उचलून धरावं लागत नाही. साधी कल्पना आहे. चाचांनी टांगा उलाळ होऊ नये म्हणून जी कसरत रोज नजरेनं केली, ती या पोरांनी लोखंडात उतरवली.

२४ जानेवारी, शुक्रवार. सांगली

उद्या साताऱ्याला परत. थोडा हिशेब.

मुंबई उच्च न्यायालयानं ८ जून २०१५ला मुंबईतल्या हौशी घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. निकाल मला मान्य आहे. मरीन ड्राइव्हच्या डांबरावर रात्री उशिरापर्यंत पळणारा घोडा ही कुणाची गरज नव्हती. त्यावर पोट असलेल्यांचं काय, हा प्रश्न मात्र तिथंही घोड्यांच्या मागून आला. साताऱ्यात आणि सांगलीत कुठल्या न्यायालयानं टांगा बंद केला नाही. तो गिऱ्हाइकाअभावी, हरभऱ्याच्या भावानं, स्टेशन हलल्यानं, एकेक करून संपला, आणि हळूहळू संपलं म्हणून त्याची नोंद कुणी ठेवली नाही. टांगा आता सातारा जिल्ह्यात बघायचा तर पाचगणीला, सहलीच्या लोकांना फिरवताना.

टांगा परत यावा असं मला वाटत नाही. घोड्याला चढावर बघितलेलं कुणीही तसं म्हणणार नाही. हवंय ते एवढंच, की त्याच्या आठवणी मागल्या बाकावरून लिहून संपू नयेत. ज्यांच्या घरी टांगा होता, ज्यांनी खरारा केला, नाला मारल्या, लीद उचलली, ज्यांना गाडीत घेतलं गेलं नाही, त्यांच्या घरातली म्हातारी माणसं अजून आहेत. नगरवाचनालयांनी आणि स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांच्याकडं जावं, ऐकावं, तारखेसकट उतरवून घ्यावं. माझी मैत्रीण बोलायला तयार आहे. मी विचारून ठेवलंय.

कारखान्यांना सांगायचं ते याहून सोपं. गव्हाणीच्या रांगेत बैलांसाठी पाण्याचा हौद आणि सावली करा, नऊ तासांचा नियम फलकावर मराठीत लावा, आणि गाडीबरोबर ते तिसरं चाकही द्या.

आणि वाचणाऱ्याला एकच. गाळप हंगाम संपेपर्यंत सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर ऊसगाड्या असतात. चढावर पुढं एखादी अडली, तर हॉर्न वाजवू नका. बैल बिचकतो, पाय घसरतो, आणि वर बाई-पोर बसलेलं असतं. दोन मिनिटं थांबा, जमलं तर उतरून चाकामागं दगड लावायला हात द्या.